रंग दिवाळीत, आधी पेन्सिल

आक्का, नमस्कार.

मी दहावीत आहे, शाळेच्या फुटबॉल संघाचा कप्तान आहे. आमची शाळा नदीच्या बाजूला आहे. मैदानाच्या कडेला एक खोली आहे, सगळ्या खेळांची मिळून. २०१९ च्या पुराची रेघ अजून भिंतीवर दिसते. पोपडे पडलेत, कुबट वास येतो, कोपऱ्यात मोडके कॅरम बोर्ड आणि तुटक्या लेझमी पडल्यात. माजी विद्यार्थ्यांनी ११,००० रुपये जमवून दिलेत, ते माझ्याकडं आहेत. सर म्हणाले, ‘करा रे पोरांनो, पण १५ ऑगस्टच्या आत करा.’ आता रंगावरून भांडण लागलंय. निम्मी पोरं शिवाजी पेठेतली, निम्मी मंगळवार पेठेतली. ज्याला त्याला आपल्या तालमीचा, म्हणजे पेठेच्या फुटबॉल संघाचा, रंग पाहिजे. एका भिंतीवर मेस्सी काढायचा हे मात्र ठरलंय. मोडकं सामान भंगारात घालून अजून पैसे उभे करणार आहे. मुलींचा खो-खोचा संघ पण तिथं सामान ठेवतो, पण त्यांना फार जागा लागत नाही. कबड्डीवाले आणि हॉकीवाले मदतीला येत नाहीत, नुसतं बघतात. रंग कुठला द्यावा आणि सगळ्यांना कामाला कसं लावावं? माझं नाव छापू नका.

– एक कप्तान


कप्तान,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, कारण शाळेच्या खोलीला रंग कुठला यावरून पेठा एकमेकींना भिडतात ते आपल्याच गावात. दुसऱ्यांदा वाचताना ‘ते माझ्याकडं आहेत’ इथं पोटात गोळा आला. तिसऱ्यांदा एका वेगळ्याच वाक्यावर अडले. त्या वाक्याकडं येते, पण आधी जिथं पैसे पाण्यात जाणार आहेत ते सांगते.

१५ ऑगस्टचा हट्ट सोड. सरांना म्हणावं, आक्का नको म्हणते. आषाढ-श्रावणात कोल्हापुरात कपडे वाळत नाहीत, तिथं भिंत काय वाळणार? ओल्या भिंतीवर रंग दिला की तो दोन आठवडे झकास दिसतो. झेंडावंदनाला पाहुणे येतील, फोटो निघतील, टाळ्या पडतील. गणपतीपर्यंत फुगे येतील आणि दसऱ्याला पोपडे हातात. त्यातून शाळांची एक जुनी खोड असते. खाली चार फूट तपकिरी ऑइल पेंटचा पट्टा मारायचा, म्हणजे हाताचे डाग दिसत नाहीत. त्या रंगाचा पापुद्रा भिंतीतलं पाणी बाहेर पडू देत नाही. मग पाणी आतल्या आत वर चढतं आणि पट्ट्याच्या वरच्या अंगाला फुटतं. तुमच्या खोलीत असा पट्टा असणार, आणि पोपडे त्याच्या बरोबर वर जास्त असणार. जाऊन बघ.

मग पावसाळ्यात काय करायचं? ओल शोधायची. त्यासाठी याच्यासारखा दुसरा हंगाम नाही. उन्हाळ्यात गवंडी येतो, भिंतीवर टकटक करतो आणि अंदाजानं बोलतो. आत्ता पाणी स्वतः सांगतंय ते कुठून येतंय. एक पेन्सिल घे. प्रत्येक डागाच्या कडेनं बारीक रेघ ओढ आणि शेजारी तारीख लिही. पुढच्या शनिवारी परत जा. डाग रेघेच्या बाहेर गेला असेल तर नवी रेघ, नवी तारीख. असं चार-पाच शनिवार कर. सोबत एका वहीत लिही, त्या आठवड्यात झड होती की उघडीप.

या रेघा वाचायला शीक. मोठ्या पावसानंतर डाग वरून खाली उतरत असेल तर पाणी छतातून येतंय. तिथं बहुतेक वेळा गच्चीवरची पाणी जायची वाट पाल्यानं तुंबलेली असते, नाहीतर कठड्याच्या फटीत पिंपळ उगवलेला असतो. ते बघायला तुम्ही कुणी वर चढायचं नाही. शिपाईमामांना सांगायचं. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून डाग पसरत असेल तर खिडकीच्या कट्ट्याला किंवा छज्जाला चीर आहे. आणि पाऊस असो नसो, सगळ्या भिंतींना जमिनीपासून दोन-तीन फुटांवर सारखाच पट्टा असेल, वर पांढरा खार फुललेला असेल, तर जोत्यातून ओल चढतेय. पुराचं पाणी बसून गेलेल्या भिंतीत हा खार जास्तच असतो. तो कोरड्या ब्रशनं झाडून काढायचा, पाण्यानं धुवायचा नाही. धुतला की विरघळतो आणि परत आत जातो.

अजून एक गंमत कर. दप्तराच्या कव्हराचा जाड प्लास्टिकचा हातभर तुकडा ओल्या जागी चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लाव आणि दोन दिवसांनी बघ. भिंतीकडच्या बाजूला दव आलं तर पाणी भिंतीतून येतंय. तुझ्याकडच्या बाजूला आलं तर ते खोलीच्या हवेतलं आहे, म्हणजे तुमच्या घामाचं आणि ओल्या मोज्यांचं. त्याला गवंडी लागत नाही, खिडकी लागते.

ही वही घेऊन सप्टेंबरात सरांकडं आणि मुख्याध्यापकांकडं जा. ‘खोलीला ओल आहे’ हे कुणीही म्हणतं. ‘पश्चिमेच्या भिंतीचा डाग पाच शनिवारांत सव्वा फूट खाली आला’ असं म्हणालास तर ते खुर्चीतून उठून बघायला येतील. गच्ची, जोतं, वायरिंग हा खर्च शाळेचा आणि संस्थेचा आहे, तुमच्या ११,००० चा नाही. हे पैसे चुना, रंग, खुंट्या, रॅक आणि कडी यांच्यासाठी राखून ठेव.

आता ते पैसे. आजच्या आज शाळेच्या कार्यालयात जमा कर आणि पावती घे. तुझ्यावर अविश्वास नाही, बाळा. पण दहावीतल्या पोराच्या कपाटात दुसऱ्यांचे ११,००० असले आणि उद्या ३०० कमी भरले, तर गावभर चर्चा तुझी होईल, त्या ३०० ची नाही. खर्चाचा कागद खोलीच्या दारावर चिकटवायचा, ज्यानं पैसे दिले त्याला येऊन वाचता यावा असा.

भंगाराचं तर डोक्यातून काढूनच टाक. तो मोडका कॅरम बोर्ड तुमचा नाही, सरांचाही नाही. शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरला त्याची नोंद आहे. ती वस्तू बाद करायची तर निर्लेखन, म्हणजे नोंदीतून रीतसर काढणं, करावं लागतं, ठराव लागतो. तुम्ही रविवारी हातगाडीवाल्याला बोलावून लेझमी किलोवर घातल्या, तर तपासणीच्या वेळी तुमच्या सरांना उत्तर द्यावं लागेल, तेही तुमच्यावर विश्वास टाकला म्हणून. त्यापेक्षा काय मोडलंय आणि काय दुरुस्त होईल याची यादी करून द्या. जुन्या ढाली, कप आणि संघांचे फोटो सापडतील ते वेगळे ठेवा. ते कचऱ्यात गेले की परत मिळत नाहीत. त्या फोटोत तुमच्या वर्गातल्या कुणाचा तरी बाप हाफ चड्डीत उभा असतो.

आता त्या वाक्याकडं येते. ‘मुलींचा खो-खोचा संघ पण तिथं सामान ठेवतो, पण त्यांना फार जागा लागत नाही.’

हे तुला त्यांनी सांगितलं की तू ठरवलंस?

मी शाळेत कबड्डी खेळायचे. शाळा कुठली ते राहू दे. आमच्याही सामानाला जागा लागत नव्हती, कारण ते आम्ही रोज घरी न्यायचो. कपडे बदलायला आम्ही प्रयोगशाळेत जायचो. तिथल्या दाराला कडी नव्हती, म्हणून एकीनं दार धरून उभं राहायचं आणि बाकीच्यांनी दोन मिनिटांत उरकायचं. मुलांच्या खोलीला कडी होती, दोन कपाटं होती, आरसासुद्धा होता. आमचे कप्तानसाहेब तुझ्यासारखेच चांगल्या मनाचे. त्यांना कधी दिसलंच नाही, कारण आम्ही त्यांच्या खोलीत नव्हतोच. आम्हीही बोललो नाही. बोलायचं असतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून रंगाची बैठक घ्यायच्या आधी खो-खोच्या कप्तानाला गाठ. एकटा जा, बारा जणांची टोळी घेऊन नको. ‘तुम्हाला काय पाहिजे’ असं विचारलंस तर ‘काही नको’ म्हणून मोकळी होईल. त्यापेक्षा विचार: सराव संपल्यावर तुम्ही कपडे कुठं बदलता? बॅगा कुठं ठेवता? खोलीची किल्ली पाहिजे असली तर कुणाकडं मागता? तिसऱ्याचं उत्तर मला आत्ताच माहीत आहे. किल्ली तुमच्याकडं असते आणि तुमचा सराव सुटेपर्यंत त्या ताटकळत बसतात.

दाराला आतून कडी, काचेला पांढरा रंग किंवा कागद, आणि मुलींची ठरलेली वेळ, या तीन गोष्टींना तुमच्या ११,००० तले फार थोडे पैसे लागतात. मध्ये पडदा टाकून भागवू नका. पडद्याआड कुणी कपडे बदलत नाही, आणि बदलूही नयेत. त्या वेळेत खोलीजवळ मोबाइल नाही, हा नियम सरांच्या तोंडून आला पाहिजे. किल्ल्या दोन करायच्या: एक कार्यालयात, दुसरी महिनाभर ज्या संघाची पाळी त्याच्याकडं. या महिन्यात खो-खोकडं द्या. तुम्ही पंधरा मिनिटं थांबून बघा कसं वाटतं.

कबड्डीवाले-हॉकीवाले नुसते बघतात म्हणतोस. का बघणार नाहीत? पैसे तुमच्याकडं, मेस्सी तुमचा, रंग तुमच्या पेठांचा. त्यांना फक्त घासायला बोलावलंय. आपल्याकडं कुस्तीच्या तालमीत हौद्यातली माती उकरायचं काम असतं. पाठ मोडते त्यात. पण जो उकरतो त्याला त्याच मातीत लढायचं असतं, म्हणून फावडं हातात घेताना कुणी तोंड वाकडं करत नाही. खोलीत त्यांची जागा आधी दाखवा, मग फावडं द्या.

ती जागा कागदावर वाटू नका. पाऊस उघडेल त्या दिवशी खोली मापून घ्या आणि मैदानावर फक्की (रेघा आखायची पांढरी पूड) मारून त्याच मापाची खोली आखा. दार कुठं, खिडकी कुठं, तेही दाखवा. मग प्रत्येक संघानं आपलं सगळं सामान आणून त्या चौकोनात मांडायचं: फुटबॉलची जाळी, कोन, पंप, कबड्डीच्या मॅटचे तुकडे, हॉकीच्या काठ्या, गोलकीचं पॅड, खो-खोचे खुंट, मोजायची टेप, फक्कीचं पोतं, प्रथमोपचाराची पेटी. मुलींनी त्या दिवशी बॅगाही आणायच्या, रोज घरी नेतात त्यासुद्धा. तुला दिसेल की निम्मा चौकोन फुटबॉलनं खाल्लाय आणि त्यातलं निम्मं सामान फुटके चेंडू आहेत. हे मी सांगून तुझ्या संघाला पटणार नाही. फक्कीच्या रेघेबाहेर पाय पडला की पटेल.

रॅक नवीन घेऊ नका. भोकाच्या लोखंडी पट्ट्यांचे जुने रॅक उद्यमनगरात मिळतात, आणि कापून-जोडून देणारी माणसंही तिथंच आहेत. तुमच्यापैकी कुणाचा तरी बाप, नाहीतर मामा, लेथवर किंवा वेल्डिंगवर असणारच. त्याला खोलीचं माप द्या. रॅक भिंतीला पक्का ठोकून घ्या, नाहीतर एखादा पाचवीतला पोरगा वरचा चेंडू काढायला त्यावर चढेल आणि रॅक त्याच्या अंगावर येईल. खालचा खण जमिनीपासून वीतभर उचललेला ठेवा. कापड, पुस्तकं आणि ढाली सगळ्यात वर.

पुराचं वेगळं सांगायला नको. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचे ३९ आणि ४३ हे आकडे नदीकाठच्या पोरांना पाढ्यासारखे पाठ असतात. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. तुमच्या खोलीचा नियम ३९ ला धरा. बातमी आली की शाळा सुटायच्या आत सामान वरच्या मजल्यावर. कुठल्या वर्गात न्यायचं ते आजच ठरवून दारामागं लिहा. २०१९ ला नाही सुचलं तर समजू शकते. २०२१ ला परत पाणी आलं, तेव्हा सुचायला पाहिजे होतं. विजेची बटणंही त्या जुन्या रेघेच्या वर घ्यायला सांगा. ते काम परवानाधारक वायरमनचं. तुमच्यातला कुणी ‘मला येतं’ म्हणाला तर त्याला खोलीबाहेर काढ.

वासाचं कारण भिंत कमी आणि तुम्ही जास्त. जर्सीवर चढवायचे सरावाचे ओले बिब्स बंद कपाटात कोंबायचे आणि दुसऱ्या दिवशी तेच दुसऱ्यानं घालायचे, यातून नायटा अख्ख्या संघाला होतो. मग प्रत्येक जण चोरून मलम लावतो. बाहेरच्या ओट्यावर छपराखाली एक दोरी बांधा. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे घाला. टॉवेल ज्याचा त्याचा. चपला-बूट दाराबाहेर, तालमीत असतात तसे. हे सगळं उद्यापासून होतं, याला दिवाळी लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत भिंत खडखडीत वाळली की मग रंगाला हात. जुना ऑइल पेंट कोरडा घासायचा नाही. आपल्याकडं घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांच्या आत ठेवायचा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं किती असेल ते डोळ्यांना दिसत नाही, आणि त्याची धूळ नाकातोंडात जाणं वाईट. तो रंग ओला करून मोठ्या माणसानं खरवडावा, खाली प्लास्टिक अंथरून. त्या वेळी लहान वर्गातली पोरं आसपास नकोत. छताला सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांना घासू नका, भोकं पाडू नका. त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं.

जिथं ओल जोत्यातून येते त्या भिंतीला चुनाच द्या. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो आणि स्वस्त पडतो. पण कळीचा चुना आणून तुम्ही बादलीत विरवायचा नाही. तो उकळतो, उडतो आणि डोळा घेतो. विरलेला चुना आणा, त्यात डिंक आणि चिमूटभर नीळ घाला, आणि हात देताना डोळ्याला चष्मा लावा. डिंक नसेल तर पांढरे हात जर्सीवर उमटतील आणि घरी माझ्या नावानं ओरडा पडेल. (मैदानावरची फक्की भिंतीला चालेल का, असं कुणीतरी विचारणार. नाही चालत.) बाकीच्या कोरड्या भिंतींना डिस्टेंपर. खोली १२ बाय १५ ची आणि १० फूट उंच धरली, तर दार-खिडक्या सोडून साधारण ४८० चौरस फूट भिंत होते. दोन हातांना ८ ते १० किलो डिस्टेंपर पुरतो. दुकानदार २० किलोची बादली पुढं करेल. लक्ष्मीपुरीत दोन-तीन दुकानं फिरून भाव काढा.

आणि कुठला रंग? कुठल्याच तालमीचा नाही. शाहू स्टेडियमवर तू तुझ्या पेठेचा झेंडा खुशाल फिरव, मी बघायला येईन. पण याच खोलीत पाचवीतला एखादा कसबा बावड्याचा किंवा फुलेवाडीचा पोरगा पहिल्यांदा बूट घालणार आहे. त्याला भिंतीनंच सांगू नका की तू बाहेरचा. छत पांढरं, भिंती फिक्या, म्हणजे उजेड वाढतो आणि ओल लगेच दिसते. प्रत्येक संघाच्या खणावर हातभर लाकडी पाटी, त्या पाटीवर ज्याला जो रंग पाहिजे तो. चारही कप्तानांनी बसून भिंतीच्या तीन छटांतून एक निवडायची, चिठ्ठी टाकून. मतं मोजायला खो-खोची कप्तान.

मेस्सीचं काय करायचं? ठरलंय म्हणतोस. रोनाल्डोवाले गप्प कसे बसले, तेच मला कळेना. भिंतीवर काढू नका, प्लायवूडवर काढा आणि टांगा. ओलीनं मेस्सीची दाढी गळून पडायला नको, आणि तुम्ही दहावी होऊन गेल्यावर पुढच्यांना तो उतरवता यायला हवा. शेजारी जागा ठेवा. २०१७ च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव आपल्या कोल्हापूरचा आहे. २०१० ला रायफलमध्ये जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सुवर्ण जिंकलेली राही सरनोबत, दोघी इथल्याच. मेस्सीपेक्षा यांच्या घरचा रस्ता जवळ आहे.

सरांची तोंडी परवानगी आहे, ती लेखी कर. अर्जावर चारही कप्तानांच्या सह्या घे. सुट्टीत काम करताना एक शिक्षक किंवा पालक हजर असेल, हेही त्यात लिही. तुझी सही सगळ्यात वर आली नाही तरी काही बिघडत नाही.

येत्या शनिवारी पहिली रेघ ओढ. महिन्याभरानं मला कळव, कुठल्या भिंतीची सरकली, आणि किल्ली कुणाकडं आहे.

– आक्का